शिबिरामुळे नेता घडतो, की होणारा नेताच शिबिराला येतो?

पेट किंवा नेट पास झालं, गाईड मिळाले, आता आराखडा लिहायचा आहे. शिक्षणशास्त्र, समाजकार्य, मानसशास्त्र, व्यवस्थापन, यांपैकी कुठल्याही विभागात जा, एक विषय तुम्हाला हमखास भेटेल. शीर्षकात एखादा शब्द इकडचा तिकडे होतो, पण गाभा तोच असतो: ‘राष्ट्रीय सेवा योजनेतील सहभागाचा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या नेतृत्वगुणांवर होणारा परिणाम – एक अभ्यास’.

विषय चांगलाच आहे. गडबड होते ती पद्धतीत. बहुतेक आराखडे असे असतात: एनएसएसमधले १०० विद्यार्थी घ्यायचे, एनएसएसमध्ये नसलेले १०० घ्यायचे, दोघांना नेतृत्वगुणांची प्रश्नावली द्यायची आणि सरासरी काढून टी-टेस्ट लावायची. एनएसएसवाल्यांची सरासरी जास्त येते, पी ०.०५ पेक्षा कमी येतो, आणि निष्कर्ष लिहिला जातो: ‘समाजसेवेमुळे नेतृत्वगुणांचा विकास होतो.’

मग समितीपुढे बसलेले एखादे सर शांतपणे विचारतात, "ही मुलं एनएसएसमुळे पुढे आली, की मुळातच पुढे येणारी होती म्हणून एनएसएसमध्ये गेली?"

या प्रश्नाला वरच्या आराखड्यात उत्तर नाही. आणि प्रश्न फक्त व्हायवापुरता नाही. एनएसएस २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० स्वयंसेवकांनिशी सुरू झाली. आज ती देशभर अनेक कॉलेजांत आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सामाजिक सहभागाला श्रेयांकही देऊ केले आहेत. म्हणजे लाखो विद्यार्थ्यांचे तास यात जाणार. शिबिरात खरंच काही घडत असेल, तर मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलीला आधी तिथे न्यायला हवं, कारण गरज तिला जास्त आहे. आणि शिबिर फक्त आधीच धीट असलेल्यांच्या हातात प्रमाणपत्र देत असेल, तर आपण भलत्याच मुलांना जागा देतोय. उत्तर काय येतं यावर शिबिराला कोणाला न्यायचं हे ठरतं. म्हणून पद्धत नीट हवी.

मी विज्ञानाकडून आलेय. आमच्याकडे ‘कंट्रोल’शिवाय प्रयोग केला, तर निकाल कोणी बघतही नाही. समाजात काम करताना तो कंट्रोल कुठून आणायचा, हेच या लेखात बघू. जगात काही अभ्यासकांनी हा पेच फार हुशारीने सोडवला आहे. त्यांच्या युक्त्या समजल्या, तर तुमचा आराखडा सुधारेल.

तुलना नेमकी कोणाशी?

आधी अडचण नीट मांडू. एनएसएसमध्ये नाव कोण घालतं? ज्याला चार लोकांत मिसळायला आवडतं तो. ज्याचा मित्र आधीपासून आहे तो. ज्याला कॉलेज सुटल्यावर कामावर जायचं नाही तो. जिला घरून सात दिवस बाहेर राहायची परवानगी मिळते ती. म्हणजे दोन गट पहिल्या दिवसापासूनच वेगळे आहेत. वर्षाच्या शेवटी त्यांच्यात फरक दिसला, तर त्यातला किती आधीचा आणि किती कामामुळे आला, हे सांगायला मार्ग उरत नाही. याला संशोधनाच्या भाषेत सिलेक्शन बायस म्हणतात. मराठीत आपण त्याला ‘निवडीचा पूर्वग्रह’ म्हणू.

नमुना वाढवून हा दोष जात नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. १०० ऐवजी १०,००० विद्यार्थी घेतले, तर चुकीचा आकडा जास्त अचूकपणे मिळेल, एवढंच.

आपल्याला खरं तर एक अशक्य गोष्ट हवी असते: तीच मुलगी, तेच वर्ष, पण शिबिराला न गेलेली. ती मिळणार नाही. मग तिच्या जास्तीत जास्त जवळ जाणारं कोण सापडेल, हा संशोधकाचा शोध.

मिसिसिपी, १९६४: न गेलेल्यांचे अर्ज

हा शोध कसा घ्यायचा, याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांना मतदारयादीत नाव नोंदवणंही जवळपास अशक्य करून ठेवलं होतं. १९६४ च्या उन्हाळ्यात सुमारे हजार स्वयंसेवक तिथे गेले. त्यांत बहुसंख्य उत्तरेकडच्या कॉलेजांतली गोरी मुलं-मुली होती. त्यांनी मतदारनोंदणीचं काम केलं, ‘फ्रीडम स्कूल’ नावाच्या शाळांत शिकवलं आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी मुक्काम केला. काम जिवावरचं होतं. मोहीम सुरू होते न होते तोच, २१ जूनला, जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांची हत्या झाली.

या उन्हाळ्यातून पुढे आलेली नावं मोठी आहेत. मारिओ सॅव्हिओ मिसिसिपीहून परतला आणि त्याच वर्षी बर्कली विद्यापीठातल्या ‘फ्री स्पीच’ आंदोलनाचा चेहरा झाला. मार्शल गॅन्झ हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडून गेला होता. नंतर सीझर चावेझ यांच्यासोबत शेतमजुरांच्या संघटनेत त्याने १६ वर्षं काम केलं, मग हार्वर्डला परत येऊन पदवी पूर्ण केली आणि २००० मध्ये समाजशास्त्रात पीएचडी मिळवली. आज जगभर ‘ऑर्गनायझिंग’ शिकवणारे लोक त्याच्या अभ्यासक्रमावर उभे आहेत.

पण सॅव्हिओ आणि गॅन्झ हा पुरावा होत नाही. हजार जणांतले दोघं आपल्याला आठवतात, कारण ते मोठे झाले. बाकीच्यांचं काय झालं? आणि न जाताही हे दोघं मोठे झालेच नसते कशावरून?

समाजशास्त्रज्ञ डग मॅकअॅडम या प्रश्नामागे लागले. अटलांटातल्या किंग सेंटरच्या संग्रहात त्यांना त्या मोहिमेचे मूळ अर्ज सापडले. महत्त्वाचं म्हणजे त्यात फक्त गेलेल्यांचे अर्ज नव्हते. ७२० जण प्रत्यक्ष गेले होते, आणि २३९ जणांनी अर्ज करूनही ऐन वेळी माघार घेतली होती.

आता गंमत बघा. हे २३९ जण म्हणजे ‘सर्वसाधारण विद्यार्थी’ नव्हेत. त्यांनीही अर्ज भरला होता, त्यांनाही जायचं होतं. अर्जांवरून बघितलं तर दोन्ही गटांची मतं आणि तळमळ यांत फारसा फरक नव्हता. स्वयंसेवकांची तुलना रस्त्यावरच्या कोणाशीही करण्यापेक्षा, ‘निघता निघता राहिलेल्या’ माणसाशी करणं किती चांगलं! मॅकअॅडमनी वीसेक वर्षांनी दोन्ही गटांतली माणसं शोधून काढली, त्यांना प्रश्नावल्या पाठवल्या, मुलाखती घेतल्या. १९८८ मध्ये त्यांचं ‘फ्रीडम समर’ हे पुस्तक आलं. गेलेले लोक दोन दशकांनंतरही सार्वजनिक कामात न गेलेल्यांपेक्षा जास्त सक्रिय होते. किंमतही दिसली: त्यांचं उत्पन्न तुलनेने कमी होतं आणि संसार टिकण्याचं प्रमाणही कमी होतं. समाजकार्याचे फायदे मोजताना तोट्याचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, हाही त्यातला धडा.

हा अभ्यास निर्दोष आहे का? नाही, आणि मॅकअॅडमनी ते स्वतःच दाखवून दिलं. गेलेल्यांचे आधीपासून संघटनांशी जास्त संबंध होते, चळवळीतला थोडाफार पूर्वानुभव होता, आणि जाणाऱ्या इतरांशी जवळची ओळख होती. शिवाय २१ वर्षांखालच्यांना पालकांची संमती लागत होती आणि ती मिळवताना मुलींना जास्त झगडावं लागलं. आपल्याकडे विशेष शिबिराची संमतिपत्रं गोळा करणाऱ्या कोणत्याही कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा, हे चित्र त्यांना नवं वाटणार नाही. म्हणजे ‘न गेलेले’ हा गटसुद्धा सरळ उचलून वापरायचा नाही. ते का गेले नाहीत, हे आधी विचारायचं. परीक्षा आडवी आली म्हणून राहिलेली मुलगी आणि मन बदललं म्हणून राहिलेली मुलगी, यांना एकाच रकान्यात टाकलं की तुलना बिघडते.

कट-ऑफच्या रेषेवर उभी असलेली दोन मुलं

दुसरी युक्ती तुम्हाला लगेच कळेल, कारण तुम्ही सगळे कट-ऑफमधून गेलेले आहात. समजा जेआरएफची रेषा एका ठरावीक गुणाला आखली. त्या रेषेच्या जेमतेम वर असलेली मुलगी आणि जेमतेम खाली राहिलेली मुलगी, यांच्या हुशारीत खरंच काही फरक असतो का? एखादा प्रश्न, थोडी डोकेदुखी, एवढाच. पण एकीला फेलोशिप मिळते, दुसरीला नाही. पाच वर्षांनी दोघींच्या आयुष्यात मोठा फरक दिसला, तर त्याचं श्रेय फेलोशिपला देणं बऱ्यापैकी न्याय्य आहे. या पद्धतीला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात.

सिसिलिया मो आणि कॅथरिन कॉन यांनी ती ‘टीच फॉर अमेरिका’ या कार्यक्रमाला लावली. चांगल्या कॉलेजांतून बाहेर पडलेले तरुण दोन वर्षं गरीब वस्त्यांतल्या शाळांत शिकवतात, असा तो कार्यक्रम. निवडीच्या वेळी अर्जदारांना गुण दिले जातात आणि एक रेषा असते. त्या रेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्या अर्जदारांची त्यांनी तुलना केली. हा अभ्यास २०१८ मध्ये ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’मध्ये आला. दोन वर्षं शिकवलेल्या तरुणांची दृष्टी वंचितांच्या दृष्टीच्या जवळ सरकली होती. ‘गरीब आहेत कारण कष्ट करत नाहीत’ या समजापेक्षा व्यवस्थेतला अन्याय त्यांना जास्त दिसू लागला होता. याच जाळ्यातलं ‘टीच फॉर इंडिया’ २००९ मध्ये मुंबई-पुण्याच्या शाळांतून सुरू झालं, त्यामुळे हा प्रश्न आपल्यापासून फार लांबचा नाही.

मात्र उदाहरण देताना दोन गोष्टी प्रामाणिकपणे लिहा. एक, तिथल्या शिक्षकांना पगार मिळतो. रविवारच्या श्रमदानाला तो निष्कर्ष जसाच्या तसा चिकटवता येत नाही. दोन, तिथे मोजली ती दृष्टी. नेतृत्व मोजलेलं नाही. मॅकअॅडमनीही सार्वजनिक सक्रियता मोजली. ‘संबंधित साहित्याचा आढावा’ लिहिताना या सगळ्यांना ‘नेतृत्वगुण’ या एकाच पोत्यात भरायचा मोह होतो. तो टाळा.

नेतृत्व मोजायचं म्हणजे काय मोजायचं?

इथून दुसरी मोठी अडचण सुरू होते. ‘मी गटाचं नेतृत्व चांगलं करू शकतो: पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ...’ असं विधान दिलं की मुलं काय भरतील? त्यात प्रश्नावली वाटणारे सर आणि प्रमाणपत्रावर सही करणारे सर एकच असतील, तर बघायलाच नको.

स्वतःच्या मूल्यमापनात आणखी एक छुपा खड्डा आहे. समजा शिबिराआधी एका मुलीने ‘मी गट सांभाळू शकते’ याला ५ पैकी ४ दिले. शिबिरात तिच्याकडे दहा जणांचा गट आला. दोघांचं भांडण मिटवावं लागलं, एक जण कामाला यायलाच तयार नव्हता, गावातल्या आजोबांनी चार शब्द सुनावले. परतल्यावर ती त्याच विधानाला ३ देते. तुमचा तक्ता सांगेल की शिबिरामुळे नेतृत्वगुण घटले! खरं तर तिची मोजपट्टी बदलली. गट सांभाळणं म्हणजे काय, हे तिला आता कळलं. याला रिस्पॉन्स शिफ्ट म्हणतात. यावर एक उपाय असा: शिबिरानंतर दोन्ही प्रश्न एकदम विचारायचे, ‘आज तू कुठे आहेस?’ आणि ‘आता मागे वळून बघताना, शिबिराआधी कुठे होतीस असं वाटतं?’ यातही आठवणीचा दोष येतोच, म्हणून आधीची मोजणी टाकून न देता दोन्ही शेजारी-शेजारी ठेवायच्या.

त्याहून चांगला मार्ग म्हणजे भावना बाजूला ठेवून कृती विचारणं. सिडनी व्हर्बा, के श्लोझमन आणि हेन्री ब्रेडी यांनी ‘व्हॉइस अँड इक्वॉलिटी’ या १९९५ च्या पुस्तकात हेच केलं. त्यांनी लोकांना साध्या गोष्टी विचारल्या: तुम्ही पत्र लिहिलंत का? जिथे निर्णय होतात अशा बैठकीला बसलात का? बैठक आखलीत किंवा चालवलीत का? चार लोकांसमोर भाषण किंवा सादरीकरण केलंत का? यांना त्यांनी नागरी कौशल्यं म्हटलं. यात कोणाला स्वतःबद्दल काय वाटतं हा प्रश्नच नाही. केलं की नाही, एवढंच.

त्यांना जे दिसलं ते आपल्या विषयाच्या मुळाशी जातं. नोकरीत ही कौशल्यं वापरायची संधी मिळते, पण ती मुख्यतः शिकलेल्यांना, वरच्या पदावरच्यांना. चर्चमध्ये मात्र ही संधी गरीब-श्रीमंत सगळ्यांत बरीच समान वाटली गेलेली होती. नोकरीत कधीच कोणी मत न विचारलेली बाई चर्चच्या समितीत बैठक चालवत होती. आपल्याकडचा बचत गट डोळ्यांसमोर आणा: अध्यक्ष, सचिव, ठराववही, बँकेत जाऊन मॅनेजरशी बोलणं. भजनी मंडळ, गणेशोत्सव मंडळ, यात्रा समिती, तिथेही वर्गणी, हिशेब आणि परवानग्या असतातच. नेतृत्व कुठे घडतं हे शोधताना नजर फक्त कॉलेजच्या गेटच्या आत ठेवू नका.

किती तास केलं, की काय सोपवलं?

आता तिसरा मुद्दा. समजा तुलनागट नीट मिळाला, मोजमापही नीट झालं आणि परिणाम दिसला. तो कशामुळे झाला?

बहुतेक आराखड्यांत ‘सहभाग’ हा चल तासांत मोजलेला असतो. एनएसएसमध्ये वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तास असतात, त्यामुळे ते सोयीचंही आहे. पण दोन शिबिरं शेजारी ठेवून बघा. एकात कार्यक्रम अधिकारी सगळं स्वतः करतात: सरपंचांना पत्र, एसटीची व्यवस्था, किराण्याची यादी, आचारी, पाहुणे. मुलं सकाळी प्रभातफेरी काढतात, फावडं-घमेलं घेऊन श्रमदान करतात, दुपारी बौद्धिकाला बसतात, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. दुसऱ्यात तेच वेळापत्रक आहे, पण ५० जणांच्या दोन वेळच्या जेवणाचं सामान किती लागेल हे मुलांचा गट ठरवतो, तेल पाचव्या दिवशी संपलं तर निस्तरतोही तोच. बंधारा कुठे घालायचा हे गावकऱ्यांशी बोलून मुलंच ठरवतात आणि रोज रात्री आज काय चुकलं याची अर्धा तास चर्चा होते. दोन्हीकडे हजेरीपटावर सात दिवस. शिकणं सारखं असेल का?

हाहरी हान यांनी ‘हाऊ ऑर्गनायझेशन्स डेव्हलप अॅक्टिव्हिस्ट्स’ या २०१४ च्या पुस्तकात हाच फरक शोधला. दोन मोठ्या स्वयंसेवी संघटनांच्या शाखा त्यांनी जोड्या लावून तपासल्या: परिस्थिती सारखी, पण एका शाखेत माणसं टिकतात-वाढतात आणि दुसरीत नाही. काही शाखांत थोडे हुशार लोक सगळं काम स्वतःच ओढत होते. काही शाखा जास्तीत जास्त लोकांना छोटंसं काम देऊन आकडा वाढवत होत्या: सही करा, या, जा. ज्या शाखा खरोखर भरभराटीला आल्या, त्या याच्या जोडीने आणखी काही करत होत्या: लोकांवर खरी जबाबदारी सोपवणं, त्यांना एकमेकांवर अवलंबून ठेवणारं काम देणं, आणि झालेल्या कामावर बसून बोलणं. म्हणजे स्वयंसेवकाचा कार्यकर्ता होणं हे त्याच्या स्वभावाइतकंच संघटनेच्या रचनेवरही ठरतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. स्वतंत्र चल म्हणून तास घेऊ नका, किंवा निदान एकटे तास घेऊ नका. शिबिरातले किती निर्णय विद्यार्थ्यांनी घेतले, कोणाच्या हातात पैसे होते, काम चुकलं तेव्हा निस्तरलं कोणी, चर्चा झाली का, हे नोंदवा. प्रश्नावलीबरोबर एक निरीक्षणवही लागेल. सात दिवस शिबिरात मुक्काम करावा लागेल. पण प्रबंधातलं सर्वांत मोलाचं प्रकरण बहुधा त्या वहीतूनच निघेल.

तुमच्या कॉलेजात हे कसं करता येईल?

मोठा निधी नसतानाही एक स्वच्छ प्रयोग शक्य आहे. एनएसएसच्या एका युनिटमध्ये साधारण १०० स्वयंसेवक असतात आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात त्यांतले निम्मेच, म्हणजे ५० जण जातात. मग हे ५० कोण? सहसा जे आधी हात वर करतात ते, किंवा सरांच्या नजरेत असलेले. जायची इच्छा असलेली मुलं जागांपेक्षा जास्त असतील, तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना विनंती करा: इच्छुकांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढूया. चिठ्ठी कोणाचा स्वभाव बघत नाही. निघालेले आणि राहिलेले हे दोन गट सरासरीने सारखे असतील आणि कोणावर अन्यायही होणार नाही. राहिलेल्यांना पुढच्या वर्षी आधी संधी द्या, म्हणजे झालं.

करताना तीन गोष्टी सांभाळा.

पहिली: चिठ्ठी निघूनही काही मुलं येणार नाहीत. त्यांना ‘न गेलेल्या’ गटात ढकलू नका आणि आकडेवारीतून काढूही नका. मुख्य विश्लेषण चिठ्ठीप्रमाणेच करायचं. नाहीतर मागच्या दाराने निवडीचा पूर्वग्रह पुन्हा आत येतो.

दुसरी: एका शिबिरातले ५० विद्यार्थी म्हणजे ५० सुट्या नोंदी नसतात. सगळ्यांनी एकच गाव बघितलं, एकच अधिकारी अनुभवले. हिशेब करून बघा. एकाच शिबिरातल्या मुलांमधलं साम्य दाखवणारा सहसंबंध उदाहरणादाखल ०.०५ धरला, तर १ + (४९ × ०.०५) = ३.४५. ५० ला ३.४५ ने भागलं की साधारण साडेचौदा येतात. म्हणजे ५० मुलांचं वजन जेमतेम १५ मुलांइतकं. म्हणून एकाच कॉलेजातली मुलं वाढवत बसण्यापेक्षा कॉलेजं वाढवा. आसपासच्या तीन-चार कॉलेजांतल्या संशोधक मित्रांनी मिळून हे केलं तर फारच छान.

तिसरी: मोजणी शिबिराच्या शेवटच्या रात्री करू नका. त्या रात्री सगळे भारावलेले असतात, निम्मे रडत असतात. सहा महिन्यांनी विचारा. गेल्या सहा महिन्यांत बैठक घेतलीस का? कुठल्या कार्यालयात अर्ज दिलास का? वर्गात उभं राहून बोललास का? आणि वर्गमित्रांना एक प्रश्न: ‘पुढच्या कामात तुला कोणाच्या गटात काम करायला आवडेल?’ स्वतःला दिलेल्या पाच गुणांपेक्षा इतरांनी घेतलेलं नाव जास्त सांगून जातं.

काय मोजणार आणि कसं विश्लेषण करणार, हे माहिती गोळा करायच्या आधी लिहून तारखेसह गाईडकडे देऊन ठेवा. नंतर तीस चलांतून ‘सिग्निफिकंट’ आलेलं एक उचलायचा मोह होतो, त्याला तेवढाच आळा. संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि विद्यार्थ्यांची लेखी संमती अर्थातच आधी.

आणि गावाचं काय?

आपल्या सगळ्या चर्चेत विद्यार्थी मध्यभागी आहे आणि गाव मागच्या पडद्यासारखं उभं आहे. ‘दत्तक गाव’ हा शब्दच बघा. आपण सात दिवस जातो, आपला आत्मविश्वास वाढतो, आपण फोटो घेऊन परततो. दरवर्षी नवे ५० जण येतात आणि गावातल्या बायका तेच प्रश्न पुन्हा ऐकतात. तुमच्या नेतृत्वविकासाची किंमत कोणीतरी वेळ आणि चुली देऊन भरत असतं.

म्हणून आराखड्यात गावासाठी निदान एक उद्दिष्ट ठेवा. बंधारा पुढच्या उन्हाळ्यात कोणाच्या देखरेखीखाली आहे? मुलं गेल्यावर गावातल्या तरुणांनी स्वतःहून काही हाती घेतलं का? शिबिरातल्या कोणा विद्यार्थ्याला गावाने पुन्हा फोन केला का? यांची उत्तरं मिळवायला टी-टेस्ट लागत नाही. सहा महिन्यांनी परत जावं लागतं. ती फेरी वेळापत्रकात आणि प्रवासखर्चात आत्ताच धरून ठेवा, कारण प्रबंध लिहायच्या गडबडीत सर्वांत आधी कापली जाते ती हीच.

तेव्हा आराखडा सादर करण्यापूर्वी एका कोऱ्या कागदावर चार उत्तरं लिहून बघा. माझा तुलनागट कोण आणि तो तिथे का राहिला? मी गुण मोजतोय की कृती? सहभाग म्हणजे माझ्या अभ्यासात तास की जबाबदारी? आणि मी गावात परत कधी जाणार? चारही उत्तरं एकेका वाक्यात लिहिता आली, तर समितीतल्या सरांच्या त्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर आहे. एखादं येत नसेल, तर प्रश्नावली छापायला टाकायच्या आधी गाईडशी त्याच एका मुद्द्यावर बोला.